विटांना विटांचा रंग

आमच्या विटांच्या घराला मी विटांचा रंग दिला.

तेव्हा मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य, आणि केदारखेड्यातल्या आमच्या गल्लीत भाजलेल्या विटांची दर्शनी भिंत एकट्या आमच्या घराला होती. बाकी सगळी घरं मातीची. त्या घरवाल्यांची हौस अशी, की सणाला भिंतीवर लाल काव फासायची, वर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं, विटाच. आम्ही त्यांना हसायचो.

टेंभुर्णीचे पाहुणे मुलगी देण्याआधी आमचं घर बघायला येणार होते. मध्यस्थानं त्यांना एकाच गोष्टीवर राजी केलं होतं : घर पक्क्या विटांचं आहे. मुलगी मी एका लग्नात पंगतीला वाढताना पाहिली होती. तिनं माझ्या पानात भात जरा जास्त वाढला, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पण भिंतीचं रूप बघवत नव्हतं. पांढरा खार फुटलेला, काही विटा काळ्या, काही पिवळट. आई म्हणाली, चुना मारू. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "कायबी लावायचं न्हाई. वीट दिसली पायजे. एवढा खर्चा कशापायी केला मंग?"

मला दोघांचंही पटलं. तिथंच घात झाला. दादा जालन्याच्या बाजाराला गेले आणि मी असा तोडगा काढला, की रंगही लागेल आणि वीटही दिसेल.

सांधे चिखलानं बुजवले, भिंत सपाट लिंपली, वाळल्यावर काव फासली आणि सुतळी ताणून पांढऱ्या रेघा मारल्या. काय रेघा होत्या त्या! गवंड्यालाही इतकी सरळ वीट रचता आली नव्हती. शेजारचे चाचा विडी ओढत बघत होते.

"बेटा, हुबहू ईंट दिखती," ते म्हणाले.

मी इतका फुललो, की चाचांच्या मातीच्या भिंतीवरही हेच काम आहे, याचं भान राहिलं नाही.

दादा आणि पाहुणे एकाच बैलगाडीतून उतरले. वाटेत गाठ पडली होती, आणि दादा वाटभर विटांचंच सांगत आले होते. पाहुण्यांनी आमची भिंत बघितली. मग चाचांची बघितली.

"मला वाटलं, खरीच वीट हाय," ते म्हणाले.

"खरीच हाय," दादा म्हणाले.

पाहुण्यांनी नखानं खरवडलं. माती निघाली.

"ती माती मीच लिंपलीय," मी मदत म्हणून सांगितलं.

दादांनी पाहुण्यांचे पाय धुवायला ठेवलेली बादली उचलली आणि भिंतीवर भिरकावली. लाल चिखलाचा लोट खाली आला, पाहुण्यांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत रंगलं. दुसरी बादली मी ओतली, तिसरी चाचा घेऊन धावले. विटा एकेक करून बाहेर यायला लागल्या. काळ्या, पिवळट, वाकड्यातिकड्या. इतक्या देखण्या त्या मला कधीच वाटल्या नव्हत्या.

पाहुण्यांनी एका विटेवर काठी ठोकली. खण्ण वाजली. मग त्यांनी मला न्याहाळलं. कोपरापर्यंत काव, कानाला चुना.

"वीट भाजलेली हाय, बराबर," ते दादांना म्हणाले. "पोरगं तेवढं कच्चं राह्यलंय. चालंल. आमची पोरगी भाजून काढंल त्याला."