क्षमा करण्याची माझी साधना

गोंदियात आमच्या चर्चमागच्या खोलीत दर शनिवारी आम्ही दहाबारा जण वीस मिनिटं डोळे मिटून बसतो. मनात प्रार्थनेचा एकच शब्द घोळवायचा, बाकीचे विचार येतील तसे जाऊ द्यायचे. तीस वर्षं शाळेत पोरांवर "गप्प बसा" म्हणून ओरडल्यावर स्वतः गप्प बसायची माझी हौस राहूनच गेली होती.

सगळे सतरंजीवर बसतात. गुडघे गेलेल्यांसाठी खुर्च्या दोनच; एक माझी, दुसरी सौंदडहून गाडीनं येणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीची. त्यामुळे वर्षभर अबोला असूनही आम्ही शेजारी बसायचो.

अबोल्याचं कारण असं. मी तीन दिवसांच्या मौन शिबिराला गेले होते. फोन दारातच जमा केला. आई ताईकडे आजारी होती, पण मला अंतरीची शांती हवी होती ना! तिसऱ्या दिवशी फोन हातात आला, तेव्हा आई गेलेली होती. तेव्हापासून ताई माझ्याशी बोलली नाही. मी मात्र रोज प्रार्थनेत तिला न चुकता क्षमा करायचे, आणि शेजारणींना सांगायचे, "तिच्या मनाला शांती नाही हो."

फादरना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी आल्यापासून जाईपर्यंत तोंडातून ब्र काढत नाही, हे पाहून ते एकदा म्हणाले, "मौन इन दोनों से सीखिए." मी मान लववून कौतुक पदरात पाडून घेतलं.

गेल्या महिन्यात मौन चालू असताना ताईला ठसका लागला. खोकून तिचा जीव घाबरा झाला, तरी कोणी डोळे उघडेना. सगळेच भलते आध्यात्मिक. मीही तशीच बसले होते, पण शेवटी राहवलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली.

"ताई, पाणी घे."

"आता बोलून राहिली? तवा कुठी होतीस?" ताई कडाडली. सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले.

"फोन बंद होता ना, ताई."

ती दोन घोट प्यायली. मग हळू आवाजात म्हणाली, "दोन दिवस आई तुयाच नावानं हाका मारून राहिली होती. मीच 'ओ' देत होती. तूच आली समजून गेली आई."

"माफ कर" म्हणायला मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.