केस वाढू देत, मग विचारतो

आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. बारा वर्षं मी पॅकिंगला आहे आणि खात्रीने सांगते, इथे खोक्यांपेक्षा सबबी जास्त तयार होतात! ऑर्डर निघाली की खोकी तरी जातात. सबबी इथेच साठतात.

*

आमच्या मालकांचा बंद पंखाच घ्या. एप्रिलमध्ये म्हणाले, "सीझनला इलेक्ट्रिशियन मिळतो का कुठे?" डिसेंबरमध्ये आठवण केली, तर म्हणाले, "थंडीत पंखा कुणाला हवाय?"

*

मी तरी कुठे शहाणी! मॉर्निंग वॉकसाठी हौसेने बूट आणले. पहिल्याच दिवशी रस्त्यात चिखल दिसला. नवे बूट खराब होतील म्हणून घरी परतले आणि झोपले. बूट अजून नवेच आहेत!

*

पण सबबींमध्ये सावंतचा हात कुणी धरणार नाही. कटिंग मशीनवर असतो, राहतो चंदनसारला, वय चौतीस. स्टोअर सांभाळणारी लीना त्याला आवडते. लीना वसईची, ख्रिस्ती, रविवारची मिस्सा कधी चुकवत नाही. तिलाही तो आवडतो, हे मला दिसत होतं. फक्त त्याने विचारायची खोटी होती.

"ताई, केस कापून घेतो, मग विचारतो."

कापले.

"फारच बारीक झाले हो. वाढू देत, मग विचारतो!"

*

एकदा तर मी त्याला ढकलतच स्टोअरला पाठवलं. पाच मिनिटांत परत, हातात टेपचा रोल.

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग? काय म्हणाली?"

"ब्राउन आहे म्हणाली, ट्रान्सपरंट संपलीय."

त्याच्या ड्रॉवरमध्ये असे नऊ रोल आहेत!

*

गेल्या सप्टेंबरात लीना माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, रविवारी मुलगा बघायला येतोय. कुवेतला असतो. मम्मीने जवळजवळ होच म्हटलंय." डोळे भरले होते पोरीचे. माझं डोकंच फिरलं. तडक सावंतचं मशीन गाठलं.

"रविवारी लीनाला बघायला येतायत. आज नाही बोललास, तर बस जन्मभर पुठ्ठे कापत!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मशीन बंद केलं. "ताई, जीव जातोय माझा. पण पितृपक्ष चालू आहे ना! अशी शुभ गोष्ट आत्ता कशी काढू? आठ-दहा दिवस जाऊ देत, मग..."

खोक्यांच्या थप्पीमागून लीना बाहेर आली. स्टॉकचं रजिस्टर हातातच होतं.

"आमच्यात पितृपक्ष नसतो," ती म्हणाली. "बोल!"