दुपारचे आकडे

हुद्दा: पंपचालक, पहिली पाळी. सेवा: एकोणीस वर्षे. सदर इसमाची नोंदवही सुबक व खाडाखोडरहित असून पाण्याच्या दाबाचे आकडे दर तासाला नियमित भरलेले आढळतात. हात स्थिर. वरिष्ठांचा शेरा: अनुकरणीय.

शेरा मारणाऱ्या वरिष्ठांनी कधी पंपघरात पाऊल टाकलं असतं, तर हा अनुकरणीय इसम आठ तासांचे आठ आकडे पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटांत कसे भरतो, तेही त्यांना पाहता आलं असतं. ही विद्या त्याला एका म्हाताऱ्या चालकानं दिली. त्याला सगळे वस्ताद म्हणत. "सगळे आकडे सारखे लिहिलेस की मेलास," वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "एखादा घसरव, पुढच्यात सावर. खरी गोष्ट जरा लंगडत चालते." पंप बिघडला तर आधी आवाज बदलतो, आणि कान दोघांचेही तिखट होते. त्यामुळे एकोणीस वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

मग त्याच्या लेकीला साखरेचा आजार निघाला. वय वर्षं नऊ. घरात तिला मिरी म्हणत. आकारावरून आणि जिभेवरूनही. तिच्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, ते जन्मभर बाहेरून टोचावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि एक वही हातात दिली. रोज तीनदा बोट टोचायचं, रक्ताचा थेंब यंत्राला द्यायचा आणि आकडा वहीत लिहायचा. त्यावरून डोस ठरणार. आई दिवसभर कापडाच्या दुकानात उभी असे, म्हणून डोस ठरवून इंजेक्शनं देणं आणि सकाळ-रात्रीचे आकडे तिच्याकडे गेले. दुपार बापाच्या वाट्याला आली.

मिरी रडत नसे, हीच अडचण होती. रडली असती तर त्याला दटावता आलं असतं. ती बोट पुढे करी आणि भिंतीकडे तोंड फिरवी. एका दुपारी त्यानं तिचे दोन्ही तळहात उघडून पाहिले, तर बोटांच्या टोकांवर काळे ठिपकेच ठिपके.

"बाबा, आज नको ना."

"बरं. आज सुट्टी," तो म्हणाला आणि वहीत त्यानं १४२ लिहिलं. दुसऱ्या दिवशी १५८. महिनाभरात सुट्टी कायमची झाली. हात आपोआप चालू लागला: मधेच एक १९०, पुढच्यात १५१. माणसाच्या रक्ताला पंपासारखा आवाज नसतो, एवढी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी ती वही शेजारच्या एका आईला दाखवली. "बघा, याला म्हणतात नोंद ठेवणं." लाज वाटायची खरी वेळ ती होती. पण तेव्हा त्याला बरं वाटलं. घरी येऊन त्यानं हे बायकोला दोनदा सांगितलं.

त्यानंतरच्या भेटीत तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी एक नजर त्यावर टाकली, एक वहीवर.

"हे जुळत नाहीये. दुपारच्या साखरा इतक्या छान, आणि सरासरी एवढी वर? मशीन आणलंय?"

"घरी राहिलं," तो म्हणाला. मशीन त्याच्या शर्टाच्या खिशात होतं.

बाई मिरीकडे वळल्या. "खरं सांग हं. चोरून गोड खातेस?"

मिरीनं बापाच्या खिशाकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे. मग म्हणाली, "हो."

"काय खातेस?"

"चॉकलेट. शाळेत. रोज."

बाप खुर्चीच्या हाताचं रेक्झिन खरवडत बसला. बाईंनी मिरीला चांगलंच फैलावर घेतलं आणि शाळेला द्यायची चिठ्ठी लिहिली: दप्तर तपासावे, मुलीवर नजर ठेवावी. वर आणखी म्हणाल्या, "चार दिवस दाखल करू. दर दोन तासांनी साखर बघावी लागेल, त्याशिवाय मला कळणार नाही."

दर दोन तासांनी. तरीही तो "बरं" म्हणाला, चिठ्ठी घेतली आणि दाखल करून घेण्याच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिला. पुढे सहा माणसं. मिरी त्याच्या कोपराला टेकून उभी.

"तू चॉकलेट कधी खाल्लंस गं?" त्यानं हळूच विचारलं.

"मी कुठे खाल्लं? पण तू सांगू नकोस हं," ती कुजबुजली. "तुला ओरडतील. मला काय, मला सवय आहे."

रांग एका माणसानं पुढे सरकली. हा सरकला नाही. मागच्या आजीबाई म्हणाल्या, "अहो, चला की! झोपलात काय?" तेव्हा तो रांगेतून बाहेर पडला आणि मिरीचा हात धरून परत डॉक्टरबाईंच्या दारात गेला. आत दुसरा पेशंट होता. त्या पेशंटच्या देखतच त्यानं खिशातून मशीन काढून टेबलावर ठेवलं.

बाईंनी बटण दाबत मागचे आकडे पाहिले. सकाळ, रात्र. सकाळ, रात्र.

"दुपार कुठंय?"

"दुपार मी लिहायचो."

"म्हणजे?"

"मनानं. तिनं काही खाल्लेलं नाही. ती चिठ्ठी फाडा."

बाई बराच वेळ वहीची पानं उलटत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. "सुबक आहे," एवढंच त्या म्हणाल्या. मग चिठ्ठी फाडली आणि मिरीला म्हणाल्या, "सॉरी बाळा." बापाला हा शब्द सुचला नव्हता. तो मान खाली घालून मिरीच्या चपलांकडे पाहत राहिला. त्यांतल्या एकीचा बंद तुटला होता, कधी कोण जाणे.

दाखल करणं टळलं. आठ दिवस घरीच खरं टोचून आकडे आणायचे, असं ठरलं. घरी गेल्यावर बायकोला हे एकदाच सांगितलं. ती त्याच्याशी बोलायची थांबली ती चार दिवस.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर दोन ठिकाणी खाडाखोड आहे आणि एक रकाना रिकामा. त्यापुढे लिहिलंय: विसरलो. दुपारचा पहिला आकडा ३१२. बोट मिरीनं स्वतःच टोचलं. बापाचा हात थरथरत होता.