धुक्यातलं गोंदण

फोटोग्राफर नवरा हेमकांतभाऊ गेल्यावर चारुलताबाईंनी शहाद्यातला स्टुडिओ भाड्याने दिला, पण मागची डार्करूम मात्र स्वतःकडे ठेवली. दुपारचं जेवण उरकलं की त्या दाराला काळा पडदा लावत, लाल दिवा पेटवत आणि नवऱ्याने आयुष्यभर साठवलेल्या निगेटिव्हांमधली एखादी छापायला घेत. त्या लाल उजेडात त्यांना आपण पाण्याखाली बसलोय असं वाटे. बाहेरच्या रिक्षा, भोंगे, सगळं दूर कुठेतरी काठावर राहून जाई.

नणंद यामिनी एकदा म्हणाली, "वहिनी, आते कोन फोटो धुवस? मोबाईलमा समदं दिखस."

"मोबाईलमा त्यास्नं काम नई शे," बाई म्हणाल्या.

यंदाच्या हिवाळ्यात एका पाकिटावर नवऱ्याचं अक्षर दिसलं. 'तोरणमाळ, तलावाकाठी, १९८१.' आत एकच निगेटिव्ह होती, अगदी फिकी. तशीच छापली तेव्हा धुकं, पाणी आणि काठावर उभी बाई, सगळं एकाच राखाडी रंगात विरघळलेलं आलं. चेहरा कुठे संपतो नि धुकं कुठे सुरू होतं, ते कळेना.

हेमकांतभाऊंनीच त्यांना शिकवलं होतं, की एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, पिवळा फिल्टर धरला तर फोटो मऊ, राखाडी छटांचा येतो आणि किरमिजी धरला तर कडक, ठळक काळा-पांढरा. बाईंनी सगळ्यात गडद किरमिजी लावला, उजेड दुप्पट वेळ दिला आणि कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. ट्रे हलवता हलवता कपाळ वर आलं, गळ्यातली चांदीची हासळी आली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात चिमणीच्या पावलासारखं बारीक गोंदणही उमटलं. पण धुकं पार उडालं होतं. फोटोतली बाई जणू कापून पांढऱ्या भिंतीवर चिकटवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच कागदावर दोनदा उजेड दिला. आधी पिवळ्यातून थोडा, धुक्यासाठी. मग कागद तसूभरही न हलवता किरमिजीतून, त्या चेहऱ्यासाठी. ट्रेमध्ये आधी तलावावरचं धुकं सावकाश पसरलं आणि मग त्यातून चालत यावी तशी ती बाई आली. झोळीत तान्हं होतं. मान खाली घालून ती त्याच्याकडे बघत होती.

हा फोटो पेटीत ठेवणं चारुलताबाईंना जमेना. त्या बाईचा शोध घ्यायला बाजाराच्या दिवशी त्या तोरणमाळच्या बसमध्ये बसल्या.

डोंगरावर पोहोचल्यावर त्यांनी चहावाल्या दलसिंगला फोटो दाखवला. म्हाताऱ्याने तो लांब धरला, जवळ धरला. "ही झुगलीबाई," तो म्हणाला. "लवकर गेली. तिची एकुलती पोर पलीकडच्या पाड्यात राहते. चला."

रूपलीबाई अंगणात भगर पाखडत होती. वय पंचेचाळीसच्या आसपास. दलसिंगने तिला पावरी बोलीत काहीतरी सांगितलं, तशी तिने हात लुगड्याला पुसून फोटो घेतला. उजेडाकडे धरून तिने तो नीट पाहिला. मग मोडक्या मराठीत तिने विचारलं, "ही कोणाकडे बघते?"

"झोळीत तू आहेस," चारुलताबाई म्हणाल्या. "तुझ्याकडेच बघते."

रूपलीबाईचं बोट फोटोतल्या डोळ्याच्या कोपऱ्यावर थांबलं. मग तेच बोट तिने स्वतःच्या डोळ्याजवळ नेलं. तिथेही तसंच चिमणीचं पाऊल गोंदलेलं होतं.

"आजीने गोंदलं," ती म्हणाली. "म्हणायची, तुझ्या आईचं असंच होतं. मी रडायची ना, म्हणून उगाच सांगते, असं वाटायचं मला. आईचा फोटो नव्हता. कोणाला विचारणार?"

दलसिंग हळूच उठून निघून गेला. रूपलीबाईने चूल पेटवली, ज्वारीची भाकर थापली, तव्यावर ठेचा परतला. परतीची बस चुकली तरी चारुलताबाईंना घाई वाटली नाही. "आज इथेच राहा," रूपलीबाई म्हणाली, आणि त्याही हो म्हणाल्या.

ऊन कलल्यावर दोघी तलावाकडे गेल्या. पाण्यावरून धुकं उठू लागलं होतं. रूपलीबाईने विचारलं, "फोटो काढणारा माणूस कसा होता?"

नवरा गेल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. चारुलताबाई काठावरच्या दगडावर बसल्या आणि सांगू लागल्या.