कविताचा कांदा

संशोधनात आधी किस्से जमतात, मग डेटा! आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये तर कपाटं कमी आणि किस्से जास्त. नवीन पोरं हल्ली मला करिअरचा सल्ला विचारायला येतात. मी सल्ला देत नाही, कविताचे किस्से सांगतो. ती मला ज्युनियर. कांदा साठवायच्या चाळीत हवा कशी खेळवली तर तो किती टिकतो, हा तिचा पीएचडीचा विषय.

*

कविता हरसूलची. तिच्या घरातून एवढं शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. आठवडी बाजारात एका बाईने तिच्या आईला गाठलं. "कविता अजून शिकतीच हाय? लय येळा नापास झाली का?"

आईने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नापास झाली असती तर कवाच सोडली असती. लय हुशार हाय म्हणून सोडीत नाय तिला!"

कविताने हे लॅबमध्ये सांगितलं तेव्हा आमच्या गाइड मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे आईंचं."

*

एकदा ती चांदवडहून सडक्या कांद्याचे नमुने घेऊन आली आणि नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षात बसली. सिग्नलला रिक्षा थांबली आणि वास दरवळला. रिक्षावाले काका नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ताई, कांदा सडलाय, फेका ना!"

"नाही काका, अजून नीट सडला नाहीये!"

काकांनी उरलेल्या रस्त्यात एकदाही मागे वळून पाहिलं नाही म्हणे.

*

तिचा पहिला पेपर परत आला त्या दिवशी ती खिडकीपाशी तोंड फिरवून उभी होती. मॅडमनी ड्रॉवरमधून एक जाडजूड फाइल काढून तिच्यापुढे ठेवली. त्यांचे स्वतःचे नाकारलेले पेपर, सगळ्या पत्रांसकट! कविता एकेक पत्र मोजायला लागली.

"मोजत बसू नकोस," मॅडम म्हणाल्या. "चहा गार होईल."

अशा गाइड मिळायला नशीब लागतं, हे मी आजही कुणालाही सांगतो.

*

आता खरी गंमत. म्हणजे आता गंमत वाटते. चांदवडच्या एका शेतकऱ्याने, आप्पांनी, आपल्या चाळीत कविताचे क्रेट ठेवू दिले होते. दर आठवड्याला ती जाऊन वजन करायची. चार महिने झाले आणि आप्पांच्या मुलाचा, सचिनचा, फोन आला. आवाजात नुसता उत्साह!

"ताई, भाव लय चांगला निघाला. तुमचे क्रेटबी घातले ट्रॉलीत. तुमचा कांदा एक नंबर ठरला, ताई!"

अख्खा प्रयोग मार्केट यार्डात विकला गेला होता. कविता फोन हातात धरून लॅबच्या फरशीवरच बसली. मुदतवाढ घेऊन घेऊन एकच हंगाम उरला होता. तोही हुकला तर रजिस्ट्रेशन रद्द आणि एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः लॅबमध्ये आले, टोपी हातात घेऊन. "पोरी, पुढल्या येळी मी राखतो," एवढंच म्हणाले.

*

आणि राखला! पुढच्या हंगामात भाव पुन्हा चढला आणि एक व्यापारी चाळीत आला. त्याची नजर नेमकी कविताच्या नंबर घातलेल्या क्रेटवर. "आप्पा, हा माल कसा दिला?"

"त्याला हात लावू नका. तो परीक्षेला बसलाय!"

त्याच हंगामात कविताच्या आईचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे तिला चांदवडला जाता आलं नाही. आप्पांनी तिच्या काट्यावर क्रेट चढवले आणि वहीत वजनं लिहिली. मॅडमची शिस्त अशी की, ज्याने मोजलं त्याने सही करायची. म्हणून त्या तीन पानांवर आप्पांची सही.

*

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस आला. हॉल भरलेला. कविताची आई पहिल्या रांगेत, आप्पा शेवटच्या. कविता झकास बोलली, माझी तर छाती फुगली होती. बाहेरून आलेले परीक्षक वही चाळत होते. त्या तीन पानांवर ते थांबले.

"हे अक्षर तुमचं नाही."

"नाही सर. मी तेव्हा जाऊ शकले नाही. वजनं आप्पांनी घेतली, कांद्याची चाळ त्यांचीच."

"शेतकऱ्याने? मग या आकड्यांवर मी विश्वास कसा ठेवायचा?"

कविताचा चेहरा उतरला. मॅडम काही बोलणार, तेवढ्यात आप्पाच उठून उभे राहिले.

"सायेब, माझा कांदा असता तर दोन-चार किलो वाढवूनच लिवले असते! पोरीचा व्हता. ग्रामभर इकडंतिकडं करायची छाती नाय झाली."