खालच्या पायरीवरचा फोन

मैनाचे पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. शिवणकाम करून ती पोट भरायची. १९७९ साली कर्जतजवळच्या तिच्या गावात, पोस्टात फोन आला. परगावच्या भावाचा ट्रंककॉल आल्याचं कळताच मैना हातांवर सरकत पोस्टापाशी गेली. वर पाच पायऱ्या होत्या. तिने फोन खाली आणायला सांगितलं.

"फोन बाहेर आणायचा नियम नाही," पोस्टमास्तर म्हणाले. दोघंजण तिला उचलायला पुढे झाले.

"हात लावू नका. मी काय पोतं हाय? मास्तर, नियम कुठं लिवलाय तो दाखवा."

मास्तरांना तो सापडला नाही, पण फोनही खाली आला नाही आणि कॉल हुकला. मैनाने वरच्या साहेबांना अर्ज धाडला आणि रोज शिलाई घेऊन पायरीशीच बसू लागली. दोन महिन्यांनी लाइनमनने लांब वायर जोडली. फोन खालच्या पायरीवर आला. पहिला कॉल मैनानेच लावला आणि मागे माणसं खोळंबली तरी ती भावाशी पोटभर बोलली.