शिंपल्यातला डोंगर

केशव सरांशी माझी ओळख भांडणातून झाली. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मी बोंबलांची टोपली घेऊन निघाले होते. ओल्या वाळूत एक माणूस कागद-ब्रश घेऊन ओणवा बसलेला.

"ताई, थांबा! पाय टाकू नका!"

"का? वाळू तुमच्या बापाची हाय?"

"माझ्या नाही, खेकड्यांच्या बापाची," सर म्हणाले.

खाली पाहिलं. बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती रांगा मांडल्या होत्या. जन्मभर मी त्या तुडवत आले. सरांच्या कागदावर त्याच रांगा सुपारीच्या बागा होऊन डोंगर चढत होत्या. मी डोक्यावरची टोपली उतरवायचीही विसरले.

सर इथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. माझ्या मुलीने दोन त्रिकोणी डोंगर आणि मधे सूर्य काढला, तर सरांनी विचारलं, "हा डोंगर कुठला? एस्टीतून कुठे उतरायचं?" मग तिला किनाऱ्यावर नेलं, माडाची एक सुकी झावळी हातात दिली आणि म्हणाले, "आधी हिच्याकडे बघ, मग डोंगराकडे." शाळा सुटल्यावरही पोरं त्यांच्या मागे असायची. सर कधी कुणावर ओरडले नाहीत. ते काम आम्ही आया करायचो.

मग म्हातारपणी सरांची नजर अधू झाली. डॉक्टर म्हणाले, आता लांबचं दिसणार नाही, जवळचंही धूसरच. सरांनी ब्रश धुऊन, पुसून कपाटात ठेवले. सरांची बायको, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "अगं, जेवणावरही वासना नाही त्यांची." मला रागच आला. डोंगर दिसत नाही, तर हाताला लागेल असं काहीतरी देऊ म्हटलं. खडकावरून कालवाचा मोठा शिंपला काढला, काथ्याने घासून लख्ख केला आणि नेऊन दिला. आमच्यात कुणाला वस्तू द्यायची तर घाण देत नाहीत.

सरांनी बोटं फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, डोंगर बोडका केलात हो! झाडी कुठाय?"

"कसली झाडी? खरबरीत घाण चिकटली व्हती ती!"

"तीच तर झाडी!"

सर हसले. कितीतरी दिवसांनी. ते ऐकून वहिनी पिठाच्या हाताने बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी नवा शिंपला चिखलासकट नेला. सरांनी कपाट उघडायला लावलं. डावा हात शिंपल्यावर, उजवा कागदावर. कड आली, तिची खाडी झाली. खवले आले, त्यांची झाडी झाली.

"सर, दिसत न्हाय, मग हे आलं कुठनं?"

सरांनी माझा हात धरून शिंपल्यावर ठेवला. बोटाखाली खाडीची कड वळली, खरबरीत झाडी लागली, आणि मी गप्प झाले. मला गप्प करणं सोपं नाही, हे अख्खा मासळीबाजार सांगेल.

सर आता रोज रंगवतात. पंचाहत्तरी झाली, शंभरी होऊ दे. गुडघे धड राहू देत, वहिनींची सोबत राहू दे. देवा, नजर परत द्यायची तर दे. नाहीतर त्यांची बोटं तेवढी शाबूत ठेव. किनारा आम्ही हातात आणून देऊ.